हौसा फ्रान्सकडून होती

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे काळ्या कानाची मेंढी कातरली, आणि तीही निम्मीच. मी कातर चालवत होतो, हौसा मेंढीच्या तंगड्या धरून बसलती. एक बाजू उरकली. आता मेंढी पालटायची, तर हौसानं तंगड्याच सोडून दिल्या. मेंढी उठली आणि निम्मी उघडी, निम्मी लोकरीत, अशी नाल्याकडं पळाली.

मी म्हणलं, "कावून सोडली गं?"

"आदी कबूल करा," हौसा म्हणली. "कप फ्रान्सचेच जास्त हायेत. मग धरते."

हौसा म्हणजे माझी बायको. कप म्हणजे चहाचे न्हाईत. युरोपात रग्बी म्हणून एक खेळ हाय. लांबुळका चेंडू काखेत मारून पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला लोळवायचं. तिकडच्या निरनिराळ्या देशांतल्या गावांचे संघ एकमेकांशी खेळत्यात आणि दर साली एक कप असतो. तो कप फ्रान्सच्या संघांनी जास्त नेला की आयर्लंडच्या, यावरनं कडा गावाजवळच्या एका माळावर दोन म्हातारी माणसं सहा वर्षं भांडत होती.

कप फ्रान्सचे जास्त, हे खरं हाय. पण खरं हाय म्हणून बायकोपुढं कबूल केलंच पायजे असं कुठं लिहिलंय.

हे खूळ घरात आलं कसं ते सांगतो. आमाला दोन लेकरं. बाळू थोरला. परळीला आयटीआय केलं, पुण्याला लागला, तिथनं कंपनीनं फ्रान्सला नेला. विमानाचे सुटे भाग करत्यात तिथं. सुमन धाकटी. नर्स झाली आणि आयर्लंडच्या दवाखान्यात गेली. त्याच दवाखान्यात थॉमस म्हणून केरळचा पोरगा होता, त्याच्याशी तिनं लगीन केलं. आमाला विचारलं, आमी हो म्हणलं. थॉमस एकदा इथं आलता, तवा एका मेंढीच्या खुरात किडे पडलते. कुणी न सांगता त्यानं खाली बसून खूर धुतला, पट्टी बांधली. हौसाला तेवढं पुरलं.

बाळूला पुरलं न्हाई. जात एक न्हाई, देव एक न्हाई, बोली एक न्हाई, कसला जावई, असं म्हणला आणि त्यानं बहिणीचा नंबर फोनातनं पुसून टाकला. सुमन पण माझीच पोर. तिनं पण त्याचा पुसला. मग राखी न्हाई, भाऊबीज न्हाई. दोघं रविवारी आमाला फोन करायचे, एक उचलून ठेवला की दुसरा यायचा, पण एकमेकांचं नाव काढायचे न्हाईत.

हौसा म्हणायची, "आपन गेल्यावर ह्यांला एकमेकांबिगर कोन हाय?"

मी म्हणायचो, "मग तू सांग की त्यांना."

"सांगून माणसं आयकत आसती तर तुमी कवाच सुदारला असता."

एका रविवारी बाळू म्हणला, आई, आता मॅच हाय, मागनं बोलतो. लगेच सुमनला लावला तर तीही म्हणली, आई, मॅच हाय, मागनं बोलते. हौसानं फोन मांडीवर ठेवला. मग म्हणली, "दोगं एकाच टायमाला एकच बघत्यात."

दुसऱ्या दिवशी ती कड्याला जाऊन मोबाइलवाल्याकडनं फोनात रग्बी घालून आली. आल्या आल्या वाटणी केली. "मी पोराकडनं, फ्रान्स. तुमी पोरीकडनं, आयर्लंड." मला कुणी विचारलं न्हाई.

हौसाला खेळाचे नियम कुणी शिकवले न्हाईत. आठ-आठ जण खांद्याला खांदा लावून, मुंड्या खाली घालून एकमेकांत घुसत्यात, त्याला काय म्हणत्यात ते बाळूनं दोनदा सांगितलं. हौसा म्हणली, "ह्ये तर दुपारची मेंढरं." उन्हाच्या तडाख्यात मेंढरं एकमेकीच्या पोटाखाली मुंड्या घालून गोळा होत्यात, तसंच दिसतं ते. फक्त तिला एक कळायचं न्हाई. "ह्यांच्याकडं तर पाऊस पडतोय. मग सावली कावून हुडकत्यात?"

कानाची गोष्ट त्याहून मोठी. या खेळात रगडून रगडून माणसांचे कान सुजून मुटके होत्यात. एकदा एकाचं तोंड जवळनं दाखवलं आणि हौसा दचकली. "ह्याचा कान कापलाय." आमच्यात मेंढरू ओळखू यावं म्हणून त्याच्या कानाला खूण करत्यात, दर घराची खूण वेगळी. हौसाला वाटलं, तिकडंही तसंच असणार. दोन महिने ती फोन डोळ्याजवळ धरून फ्रान्सची खूण कोणती आणि आयर्लंडची कोणती ते शोधत होती. शेवटी चिडून तिनं बाळूला विचारलं, "तुमच्या कळपात एकाचा कान दुसऱ्यागत न्हाई. चुकून दुसरीकडं मिसळला तर वळखायचा कसा?"

बाळू म्हणला, अंगातल्या बंडीवरनं.

"आणि बंडी काडून ठेवली तर?"



खेळाडूंची खरी नावं तिला जड जायची. तिनं आपली ठेवली. कानतुट्या, भुंडा, ढवळ्या. बाळूच्या लाल-काळ्या संघात एक बुटका होता, पण सगळा कळप त्याच्या शब्दावर हलायचा, त्याला ती मेंढका म्हणायची. मेंढका पडला की हौसा उठून उभी राहायची. मॅचच्या आधी मीठ-मोहऱ्या घेऊन फोनची दृष्ट काढायची. एकदा मीठ फोनच्या भोकात गेलं आणि फोन बंद. कड्याचा मोबाइलवाला म्हणला, "मावशी, फोनचं लोणचं घातलं काय?"

कपांचा हिशोब तिनं खड्यांवर ठेवलता. वाडग्याच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या आवाराच्या, तोंडाशी दोन ढिगल्या, एक फ्रान्सची, एक आयर्लंडची. आमी बघायला लागायच्या आधीचे कपही बाळूकडनं विचारून तिनं मांडून ठेवले. मी म्हणलं, आपण बघितलेलेच मोजायचे. ती म्हणली, "तुमी माजं लगीन व्हायच्या आदी जन्मला न्हवता का? मग ते मोजायचं न्हाई का?" एकदा बोकडानं दोन्ही ढिगल्या उधळल्या. त्या दिवशी आमी जेवलो न्हाई, दोघंही बोकडावर संशय घेत होतो की हा कुणाकडनं होता.

माझा एक मुद्दा मात्र पक्का होता. मी म्हणायचो, "तुझ्या फ्रान्सवाल्यांच्या कळपात निम्मी मेंढरं बाहेरची हायेत. कोण समुद्रापलीकडचं, कोण काळं, कोण गोरं. तो कप फ्रान्सचा कसा?"

ती एकच बोलायची. "मेंढरं कुनाची बी आसू दे. बसली ज्याच्या रानात, खत त्याचं."

हा आमचा कायदा हाय. शेतकरी आमची मेंढरं आपल्या रानात बसवून घेत्यात. मेंढरं आमची, पण लेंड्या त्या रानाच्या, त्यावर आमचा हक्क न्हाई.  पन्नास वर्षं मी त्याच कायद्यावर जगलो.

पोरांशी बोलायचं काम हौसाकडं होतं. मला कानानं कमी येतं. समोरचं माणूस ओरडलं तर कळतं, फोनात नुसतं मुंगी चालल्यागत वाटतं. म्हणून रविवारी बोलायची ती आणि मग मला सांगायची ती. तिच्याच तोंडून मला कळलं की पोरं एकमेकांना निरोप धाडाया लागलीत. निरोप कसले, टोमणे.

सुमन म्हणती, दादाला सांग, तुमचे लाल-काळे चिखल बघितला की बसकण मारत्यात, रानडुकरं बरी.

बाळू म्हणतो, तुमचं समदं बेट आमच्या आष्टी तालुक्याएवढं, कप ठेवाया जागा तरी हाय का.

मला बरं वाटायचं. आईच्या तोंडानं का हुईना, भांडत्यात तर. एकदा मी म्हणलं, "थेट कावून बोलत न्हाईत?"

हौसा म्हणली, "इतकी वर्सं खेळ बघता आणि येवडं कळंना. चेंडू हातानं पुडं फेकला की पंच शिट्टी मारतो. मागच्याच्या हातात देत देतच पुडं न्यावा लागतो."

गेल्या साली सुमनचा एक निरोप लई टोचरा होता. हौसानं मला सांगितला तवा मी जेवता जेवता थांबलो. सुमन म्हणलती, "तुमच्याकडनं खेळनारे परमुलखाचे, त्यांला खांद्यावर घेऊन नाचता. आणि माजा नवरा केरळचा, तर त्याला दारात उबा करत न्हाई. दादा, तुमी मेंढरं वळखता, माणूस न्हाई."

मी म्हणलं, "पोरीनं बरोबर हाणलं."

त्यानंतर बाळूचा दोन रविवार फोन आला न्हाई. हौसा दोन्ही रविवारी फोन पदरात घेऊन वाडग्यात बसून होती. भाकरी गळ्याखाली गेली न्हाई तिच्या. तिसऱ्या रविवारी आला. काय बोलला ते तिनं मला सांगितलं न्हाई. नुसती म्हणली, "आयर्लंडचा एक खडा तुमी चोरून वाडवलाय, काडा तो." मी वाढवलता. काढला.

आता त्या दिवसाचं सांगतो. आदल्या शनिवारी लाल-काळ्यांनी सुमनच्या निळ्यांना हरवलं होतं, म्हणजे तिनं मला. चार दिवस ती हवेत होती. मेंढी पळाली तसा मी कातर आपटून तिच्यामागं गेलो. जाताना बडबडत गेलो, काय बोललो ते इथं सांगत न्हाई. मेंढी नाल्यातनं हुसकून, कान धरून आणली. हौसा वाडग्याच्या कुपाटीला टेकून बसलती. मी म्हणलं, "धर." तिनं धरलं न्हाई. मला वाटलं, अजून कबूल करायची वाट बघतीय.

डॉक्टर म्हणला, हृदय. मेंढी तशीच निम्मी राहिली.

बाळू तिसऱ्या दिवशी पोचला, तेरावा होईपर्यंत राहिला. सुमनचा पासपोर्ट नवा करायला दिलता, तिला यायला सोळावा दिवस लागणार होता. मी बाळूला म्हणलं, तीन दिवस थांब, बहीण येतीय. तो माझ्याकडं न बघता म्हणला, "कोनत्या तोंडानं थांबू, आबा?" जाताना त्यानं बॅगेतनं एक पुडकं काढलं. आत लाल-काळी बंडी होती, त्यांच्या संघाची.

"सुमनला द्या. तिनं आईकडं निरोप दिलता ना, एवडा तोरा हाय तर आपल्या दाजीला एक बंडी पाटव, बघू मन केवडं हाय. मी तवाच आणलती. पाटवायची ऱ्हाऊन गेली. पत्ता कुनाला इचारू?"

सुमन आली. दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी सांजेला मी ते पुडकं तिच्यापुढं ठेवलं. म्हणलं, "तू मागितलीस म्हणून दादानं ठेवलंय."

तिनं बंडी उलगडून बघितली. "मी कवा मागितली?"

"आईजवळ निरोप दिलतास."

"मी न्हाई दिला. आई म्हणली, दादा म्हणतोय, थॉमसला लाल-काळी बंडी घालून घेऊन ये, मी त्याला घ्याया दारात उबा ऱ्हातो. मी म्हणलं, आसंल बंडी तर घालंल तो."

मी म्हणलं, "आणि ती रानडुकरं? बसकण मारत्यात ते?"

"कसली रानडुकरं, आबा?"

माणसं ओळखणं, मेंढरं ओळखणं, तेही विचारलं, तेही तिला कळेना. ते बोलणं तिचं नव्हतंच. मग माझ्या ध्यानात आलं. इतकी वर्षं दवाखान्यात राहिलेली पोरगी बसकण मारत्यात कशाला म्हणंल? विमानाच्या कारखान्यातला पोरगा आष्टी तालुका कशाला मापंल? सगळं बोलणं एकाच तोंडाचं होतं. त्या तोंडाशी मी बावन्न वर्षं बोललो आणि मला ओळखू आलं न्हाई. बाळूचा फोन दोन रविवार आला न्हाई तवा ती कावून जेवली न्हाई, तेही त्या सांजेला कळलं. तिनं पोरीच्या नावानं पोराला हाणलं होतं, आणि वर्मी लागलं होतं.

मी खोटं बोलत न्हाई. ही माझी जुनी खोड हाय. मेहुण्याच्या पोराच्या लग्नाच्या बैठकीत पोरीच्या बापानं मला विचारलं, पोरगं पितं का, मी म्हणलं पितं. तवापासून मला बैठकीला कुणी बोलवत न्हाई. त्या सांजेलाही तोंडाशी आलतं की पोरी, तुझी आई दोघांनाही खोटं सांगत होती, तुझा भाऊ असलं काहीच म्हणला न्हाई.

सुमन बंडी मांडीवर घेऊन तिची घडी हातानं सारखी करत होती.

मी म्हणलं, "इसरली असशील. तूच मागितलीस. मी आयकलं."

"तुमाला फोनावर आयकू येत न्हाई, आबा."

"तेवडं आलतं."

 सुमन बंडी उशाला घेऊन निजली.

सकाळी उठून मी दाराच्या मागं गेलो. तिथं मी कोळशानं दोघांचे नंबर लिहून ठेवलेत, चौथीपर्यंत शिकल्याचा तेवढा उपयोग. सुमनचा नंबर हातावर पेनानं उतरवून घेतला. चहा प्यालो. फ्रान्सात उजाडायची वाट बघितली. मग हौसाचा फोन घेऊन निघालो. मला हळू बोलता येत न्हाई, म्हणून नाल्याच्या पार पलीकडं गेलो आणि बाळूचं चित्र होतं तिथं बोट दाबलं.

तो ओरडूनच बोलला, घाबरून. "आबा, काय झालं?"

"काय न्हाई. बंडी आखूड हाय."

"काय?"

"बंडी. जावई उंच हाय. सुमन म्हणती, फ्रान्सवाल्यांना कप मोजता येत्यात, माणूस मापता येत न्हाई."

तिकडनं काहीतरी आलं, मुंगीगत.   मी म्हणलं, "मोट्यानं बोल."

"म्हणलं, किती आखूड हाय?"

"मला काय ठावं. मी काय शिंपी हाय? तिला इचार."

"माज्याकडं तिचा नंबर न्हाई, आबा."

"लिहून घे."

हात डोळ्यांजवळ धरून मी एकेक आकडा ओरडून सांगितला. मधला एक घामानं पुसट झालता, तो सात की एक ते कळेना, अंदाजानं सात सांगितला. नाल्यातली मेंढरं चरायची थांबून माझ्याकडं बघाया लागली. त्याच्याकडनं परत म्हणून घेतले आणि घरी आलो.

सुमनला म्हणलं, "चल, ती काळ्या कानाची निम्मी ऱ्हायलीय, तंगड्या धर." लहानपणी धरायची ती, विसरली नव्हती. वाडग्यात बसली, दोन्ही हातांनी पक्क्या धरल्या. मी कातर लावली. पाठीकडनं दोन-तीन हात मारले असतील. तिच्या पिशवीत फोन वाजाया लागला. मला तो ऐकू आला न्हाई, मेंढीला आला, तिनं मान उचलली. सुमननं एका हातानं फोन काढून बघितला, वर नाव नव्हतं, नुसता फ्रान्सचा नंबर, आणि बघतच राहिली.

मग तिचा दुसरा हातही सुटला. मेंढी उठली आणि नाल्याकडं पळाली.

मी कातर खाली ठेवली. "उचल," म्हणलं, आणि मेंढीमागं गेलो. घाई केली न्हाई. नाल्यापतुर तर जाती, जाऊन जाऊन कुठं जाईल.